आपसूक सुकलेले फणस

खैरवलीच्या डोंगराचा कोळसा झाला आणि तो ट्रकात बसून तळेऱ्यावरून मुंबईला गेला, तेव्हा गावात कुणी हूं की चूं केलं नाही. डोंगर भाई खोतांचा. कायद्यानं खोती गेली, लागवडीच्या जमिनी कुळांकडे गेल्या, हाताशी उरला तो डोंगर. तो भाईंनी ठेकेदाराला दिला. भट्ट्या पेटल्या, ऐन-किंजळाची झाडं जळली, आणि पंचावन्न-छप्पन साल येईपर्यंत डोंगर न्हाव्यापुढून उठल्यासारखा बोडका झाला. मधोमध राहिली ती फक्त सातेरीची राई. देवीच्या राईत कुऱ्हाड चालत नाही म्हणून राहिली. नाहीतर तिचाही कोळसा करून कुणीतरी शेगडीत घातला असता, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

या उरलेल्या राईपायी लुईझा फर्नांडिस खैरवलीला येऊ लागली. मालवणच्या कॉन्स्टान्सियो मास्तरांची ही मुलगी. मास्तर वारले, आई पिएदाद मालवणात राहायची, आणि लुईझा मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. डॉक्टरेटसाठी तिला विषय हवा होता. तो तिला एका मे महिन्यात या डोंगरावर सापडला. राईच्या कडेला जी झाडं आज उभी होती ती काल कडेला नव्हतीच. ती दाट रानाच्या पोटात, गारव्यात वाढलेली. भोवतालचं रान एकाएकी गेलं आणि त्यांच्या अंगावर थेट ऊन आलं, भणभणता वारा आला, पायाखालचा ओलावा आटला. माणूस असता तर बोचकं बांधून दुसऱ्या गावी गेला असता. झाड कुठे जाणार? तेव्हा जागच्या जागी उभं राहून ते करतं काय, हा लुईझाचा प्रश्न होता.

तिनं राईच्या कडेची काही झाडं आणि आतली काही झाडं निवडली. प्रत्येकाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर पत्र्याची पातळ पट्टी आणि तिला एक स्प्रिंग. खोड फुगलं की पट्टी सरकायची, आकसलं की मागं यायची. गावानं लगेच नाव ठेवलं की फर्नांडिस मास्तरांचं चेडू झाडांना कमरपट्टे घालतं. लुईझाला त्याचं काही वाटलं नाही. प्रत्येक सुट्टीत ती एसटीनं यायची, पायवाटेनं डोंगर चढायची आणि कमरपट्टे बघत हिंडायची.

तिला राईत जायची परवानगी मिळाली ती भाईंमुळे. भाई देवळाचे पहिले मानकरी. पांढरंशुभ्र धोतर, बोलणं साखरेसारखं, आणि आल्यागेल्याला पाटावर बसवून जेवू घालायची हौस. ख्रिस्तांवाची मुलगी देवीच्या राईत कशी फिरणार, असं काहींनी म्हटलं, तेव्हा भाईंनी स्वतः देवीला कौल लावला आणि उजवा, म्हणजे होकाराचा, मिळवला. पडवीच्या टोकाची खोली तिला दिली. ती पानं मोजायची तेव्हा भाई झाडाखाली उभे राहून तिला विचारायचे, ह्याचं काय झालं, त्याचं काय झालं. मुंबईत तिच्या विषयात इतका रस कुणी घेतला नव्हता. लुईझाला भाईंविषयी माया वाटू लागली, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त संताप आला तो याच गोष्टीचा.

झाडं काय करतात ते हळूहळू दिसू लागलं. कडेच्या जांभळांची नवी पानं आखूड आणि जाड येऊ लागली. ज्यांनी बारमाही हिरवं राहायचं ती झाडं फाल्गुनातच पानं टाकू लागली, म्हणजे उन्हाळ्यात तेवढं पाणी कमी लागेल. पाऊस झाला की पुन्हा पालवायची. भर दुपारी त्यांची खोडं केसभर आकसायची आणि पहाटेपर्यंत पुन्हा भरायची. लुईझा हे बघून थक्क व्हायची. कुणी शिकवलं नाही, कुणी हुकूम सोडला नाही, आणि ही म्हातारी झाडं नव्या दिवसांशी जुळवून घ्यायला बसली होती.

मग आले ते पाच फणस. राईच्या उगवतीच्या कडेला एका रांगेत उभे असलेले, दोघांच्या कवेत न मावणारे जुने फणस. साठ सालच्या उन्हाळ्यात ते असे काही लगडले की खोडाची साल दिसेना. मुळापासून फांद्यांपर्यंत फणसच फणस. त्या वर्षी त्यांचे कमरपट्टेही इतर झाडांपेक्षा भराभर सरकले. गावानं देवीची कृपा म्हणून ते फणस घरोघर वाटले. देवळातल्या बाबली गुरवाची आई काशीबाई हिनं रस उन्हात वाळवून साठं घातली, पिएदादनं मालवणात गऱ्यांची भाजी केली, लुईझानं स्वतः हात तेलकट करून कापे गरे खाल्ले. आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्या पाचही फणसांनी पानं टाकली ती टाकलीच.

लुईझाच्या डोक्यात वीज चमकली. उन्हाच्या तडाख्यात सापडलेलं झाड मरणाची चाहूल लागताच जवळचं सगळं फळात ओततं, बी मागे ठेवतं आणि मग वाळतं! तिनं ते लिहून काढलं. तिचे मुंबईचे मार्गदर्शक सर एवढे खूष झाले की त्यांनी तिचा निबंध परिषदेत वाचायला लावला. एका मराठी दैनिकानं तिच्याकडून लेख मागवला. त्या लेखात तिनं एक वाक्य मोठ्या अभिमानानं लिहिलं: या राईत माणसाचा हात कधी लागलेला नाही, तरीही झाडे वाळत आहेत, कारण भोवतालची हवा आपण बदलून टाकली आहे.

भाईंनी तो लेख पडवीत बसून गावाला वाचून दाखवला. हे वाक्य दोनदा वाचलं.

आता इथे खैरवलीची एक रीत सांगायला हवी. राईतल्या हिरव्या झाडाला कुणी हात लावायचा नाही, पण एखादं झाड आपसूक सुकलं तर ते देवीनं स्वतःच दिलं असं मानायचं. अशा झाडासाठी देवळात गाऱ्हाणं घालायचं, कौल घ्यायचा, आणि उजवा कौल झाला की ते तोडून देवळाच्या कामाला लावायचं. देवळाला सभामंडप नव्हता, माडाच्या विणलेल्या झापांचा मांडव होता. भाईंनी बोलून दाखवलं की पाच फणसांत सोनेरी लाकडाचे खांब, तुळया, दारं सगळं होईल, आणि जे उरेल ते ठेकेदार उचलून नेईल व त्यात देवळाच्या छपराची कौलं येतील. लाकडं ओढून काढायला राईतून एक गाडीवाट तेवढी पाडावी लागेल. गाव खूष झालं. आपल्या शिकलेल्या बायनंच सांगितलंय की झाडं आपोआप सुकली, मग शंका कसली?

लुईझाला मात्र शंका होती, पण ती स्वतःच्या निबंधाविषयी. पाऊस संपला होता. कडेची जांभळं पालवली, आंबे पालवले, अगदी भट्टीच्या धगीनं करपलेलं नाणा जातीचं एक झाडसुद्धा फुटलं. फणसांना मात्र एकही कोंब फुटला नाही. ऊन तर सगळ्यांनाच सारखं लागलं होतं. मुळांशी ओलावा किती राहिला ते बघावं म्हणून ती पहिल्या फणसाच्या बुडाशी बसली आणि खुरप्यानं माती काढू लागली.

खुरपं सालीला लागायला हवं होतं, ते लागलं नाही. तिथे साल नव्हतीच. तिनं हातानं माती उकरली. जमिनीच्या खाली, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, बुंध्याभोवती वीतभर रुंदीची साल सोलून काढलेली होती, पूर्ण वेढा देऊन. वर माती दाबून पालापाचोळा पसरलेला. उघड्या लाकडावर सुताराच्या पटाशीचे घाव ओळीनं दिसत होते, जुने, काळे पडलेले. घावाच्या वरच्या काठाला सालीनं जाड ओठ काढला होता. बिचाऱ्या झाडानं जखम भरायचा प्रयत्न केला होता.

ती दुसऱ्या फणसाकडे गेली, मग तिसऱ्या. पाचही सारखे.

लुईझा मातीत बसून राहिली. तिला सगळं एका क्षणात कळलं, कारण हे वर्गात तीच शिकवत होती. साल सोलली की पानांनी केलेलं अन्न मुळांकडे उतरू शकत नाही. ते वरच साठतं. खोड फुगतं, झाड वेड्यासारखं फळतं, आणि खाली मुळं उपाशी मरतात. मुळं मेली की झाड मेलं. मरणाची चाहूल नव्हे, बी मागे ठेवणं नव्हे. तो सगळा पटाशीचा प्रताप होता आणि तिनं त्यावर निबंध लिहून टाळ्या घेतल्या होत्या. गावानं ते गरे देवीची कृपा म्हणून चाखले होते. तिनंही.

तशीच, मातीनं भरलेल्या हातांनी ती भाईंच्या पडवीवर जाऊन उभी राहिली. भाई सुपारी कातरत होते. तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी कुणी केलं असं विचारलं नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. हात धू, चहा घे, म्हणाले. ती हलली नाही, तेव्हा अडकित्ता खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "बाय, राईत कुऱ्हाड चलणा नाय. आमी कुऱ्हाड लावूक नाय. पटाशी लावली. देवीचो शब्द मोडूक नाय."

लुईझाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण भाईंच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. हा माणूस देवीला खरोखर घाबरत होता, आणि म्हणूनच तिला फसवण्यासाठी त्यानं इतकी मेहनत घेतली होती. आणि देवीला जो फसवतो त्याला कॉलेजातली एक बाई फसवायला कितीसा वेळ? पडवीची खोली, पाटावरचं जेवण, झाडांखालची चौकशी, सगळं एका वाक्यासाठी होतं, जे तिनं फुकट लिहून दिलं होतं. आपण गावाला सांगणार, ती म्हणाली.

"सांग," भाई म्हणाले. "सांगशीत तर पयलो तुझोच लेख खोटो ठरतलो."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. लुईझा मालवणला घरी गेली आणि तिथून सरांना सगळं कळवलं. सरांचं उत्तर लगोलग आलं. फार सुज्ञपणे लिहिलेलं. झालं ते दुर्दैवी, पण आता त्याचा बोभाटा करण्यात अर्थ नाही. पुढच्या निबंधात ते पाच वृक्ष हळूच गाळावेत. परिषदेत आपण दोघांची नावं दिली आहेत हे विसरू नये. आणि गावातल्या देवळाचा कौल हा काही आपल्या शास्त्राचा विषय नव्हे. लुईझानं ते वाचलं आणि तिला वाटलं, भाई निदान पटाशी तरी हातात घेतात. या माणसाला तेवढेही कष्ट नकोत. झाडं मेली ती मेली, आता तिच्या सहीनं उरलेली राई गाडीवाटेपायी कापली जाणार. वाट पडली की नवी कड तयार होणार, आणि पुढच्या साली त्या कडेची झाडं आपसूक सुकणार. दर वर्षी तिच्या लेखाचा आधार घेऊन! डॉक्टरेट गेली तर पुन्हा चारपाच वर्षं घालायची, कदाचित कधीच मिळायची नाही. पिएदादनं मुलीला जेवताना नुसता भात चिवडताना पाहिलं आणि विचारलं. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "ते गरे मीय खाल्लंय गो. माका तरी खरां सांगूक व्हया होतां कोणीतरी."

गाऱ्हाण्याच्या दिवशी लुईझा खैरवलीला पोचली तेव्हा देवळापुढच्या मांडवात गाव जमलं होतं. ती बाहेर, पायरीच्या खाली उभी राहिली. तिथे तिला कुणी अडवायचं नाही. आत सातेरीच्या पाषाणापुढे बाबली गुरव हातात कौलाच्या ओल्या कळ्या घेऊन बसला होता. गाऱ्हाण्याची रीत अशी की मानकरी एकेक वाक्य देवीपुढे ठेवतो आणि त्याला सारं गाव एका आवाजात होकार देतं. गावानं होकार दिल्याशिवाय गुरव पाषाणाला कळी लावत नाही.

भाई हात जोडून उभे राहिले. आवाज घसघशीत.

"आये सातेरी, तुझ्या छायेत तुझी लेकरां उभी आसत."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"तुझ्या रायतले पाच फणस सुकले."

"व्हय म्हाराजा."

"ते आपसूक सुकले. त्येंका कोणाचो हात लागूक नाय."

"नाय," लुईझा म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण शंभर माणसांच्या होकाराच्या आधी ते एकटं 'नाय' पडलं आणि गावाचा होकार तोंडातच राहिला. बाबलीचा कळीचा हात तसाच वर राहिला. सगळे वळून बघू लागले. भाई न वळता म्हणाले की ती गावची नाही, तिचा नकार देवी धरत नाही. मग धोतराच्या कनवटीचा घडी केलेला पेपर काढून त्यांनी वर धरला आणि ह्या बायनंच काय लिहिलंय ते सगळ्यांनी ऐकलंय, असं सांगितलं.

मुंबईत व्याख्यान देताना लुईझाचा आवाज कधी कापला नव्हता. इथे कापला, रागानं.

"तां मी लिवलंय," ती म्हणाली. "आणि तां खोटां आसा. मी फसलंय. त्या झाडांका उन्हान मारूक नाय. मातयेखाली त्यांची साल सोलून ठेवली हा. मी एक पाचोळो उचलून बघूक नाय, म्हणान तुमका खोटां सांगलंय. आता येवा, आणि तुमच्या डोळ्यांनी बघा."

मग काशीबाई उठली, लुगड्याचा पदर खोचून पायऱ्या उतरली, आणि तिच्यामागून बायका निघाल्या. बायका निघाल्यावर पुरुषांना बसून राहणं कठीण झालं. बाबलीनं कळ्या तबकात ठेवल्या आणि तोही आला. लुईझानं पहिल्या फणसाच्या बुडाची माती काढली. बाकीच्यांना सांगावं लागलं नाही, चार झाडांशी चार जण बसले. पटाशीचे घाव दिवसाउजेडी वर आले. काशीबाईनं त्या सोललेल्या लाकडावरून हात फिरवला, सालीच्या जाड ओठावरून फिरवला, आणि हात पदराला पुसला. ह्याचीच साठं मी घातली, असं काहीतरी ती पुटपुटली.

सगळे परत मांडवात आले. भाई जागचे हलले नव्हते. त्यांना अजून वाटत होतं की रीत रीत आहे, आणि गाऱ्हाणं मध्येच सोडता येत नाही. त्यांनी पुन्हा हात जोडले, घसा साफ केला.

"आये सातेरी, तुझ्या रायतले फणस आपसूक सुकले. त्येंका कोणाचो हात लागूक नाय."

कुणी बोललं नाही. मांडवावरची झापं वाऱ्यानं खरखरली तेवढीच. भाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. गाव आपल्या पायांच्या बोटांकडे बघत बसलं. चाळीस वर्षं हा माणूस देवीपुढे बोलत होता आणि एकदाही त्याचं वाक्य होकारावाचून राहिलं नव्हतं. बाबली गुरवानं तबकावर फडकं टाकलं आणि तो गाभाऱ्यातून बाहेर आला. तेव्हा कुठे भाईंनी जोडलेले हात सोडले.

पाच फणस कुणी तोडले नाहीत. गाडीवाट पडली नाही, ठेकेदार दोन वेळा येऊन गेला आणि मग आला नाही. देवळावर झापांचा मांडवच राहिला. लुईझानं दैनिकाला पत्र लिहून आपला लेख मागे घेतला; ते त्यांनी कोपऱ्यात, बाजारभावांच्या खाली छापलं. परिषदेलाही कळवलं. सरांनी तिला दुसरा मार्गदर्शक शोधायला सांगितलं आणि कॉलेजातल्या जिन्यावर समोर आली तर ते भिंतीकडे बघू लागले. तिच्या मित्रमंडळींनी तिला हट्टी म्हटलं. असेल. पण खोट्या फणसावर डॉक्टर होण्यापेक्षा तिला खऱ्या जांभळाखाली विद्यार्थिनी राहणं सोसवत होतं. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि या वेळी प्रत्येक झाडाच्या बुडाशी आधी माती काढून बघत होती.

मुक्काम आता काशीबाईकडे. पुढच्या मे महिन्यात ती उगवतीच्या कडेला एका कोवळ्या जांभळाला पट्टी बांधत होती. मागे पाच वाळके फणस पांढऱ्या फांद्या पसरून उभे होते. ते भाईंच्या पडवीतून थेट दिसत. गावात त्यांना एव्हाना नावही पडलं होतं: भाईचे फणस. गुरं चारायला कुठे नेलीस तर भाईच्या फणसांकडे. सरपण कुठे मिळालं तर भाईच्या फणसांच्या अलीकडे. पोरंसोरं तर भाईंच्या समोरच म्हणायची.

भाई काठी टेकत वर आले. वर्षात बरेच वाकले होते. त्यांनी विचारलं, अगदी दुखावल्यासारखं, "बाय, त्या झाडांका माझां नाव कित्याक घातलंस?"

लुईझानं वर पाहिलं. तिचा राग गेला नव्हता. तो जाईल असं तिला वाटतही नव्हतं.

"मी घालूक नाय, भाई," ती म्हणाली. "तां आपसूक पडलां."

आणि ती पट्टीची स्प्रिंग अडकवायला पुन्हा खाली वाकली.